कागदावरचे ४२ टक्के

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोलीहून मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे प्राथमिक मराठी शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) खालच्या अंगाला दोन तळी खणून त्यांनी गोड्या पाण्यातली कोळंबी सोडली, त्याला हे दुसरे वर्ष. आवाजात तक्रारीपेक्षा संकोच जास्त होता. "वरच्या तळ्यातली सुंगटे (कोळंबी) वाढत नाहीत. पुतण्या म्हणतो बीज खराब निघाले. मला तसे वाटत नाही, पण मला त्यातले कळतेच असेही नाही. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

मी खाद्याच्या मिश्रणांचे काम करतो, बहुतेक कोंबड्यांचे, थोडे माशांचे. कोळंबीचे काम गोव्यात फारसे येत नाही, म्हणून मी दोन दिवसांत गेलो. तिथे जे दिसले आणि पुढे जे झाले ते जरा विस्ताराने लिहितो आहे. फिशमीलला (खाद्यात घालायच्या मासळीच्या भुकटीला) पर्याय शोधताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका या एकाच तळ्यात सापडल्या.

तळी दोन, प्रत्येकी १००० चौरस मीटरची, पाणी सरासरी एक मीटर. डोंगरातून बारमाही झर येते. ती आधी वरच्या तळ्यात पडते, तिथून खालच्या तळ्यात आणि मग पाटाने पोफळींना. जमीन जांभ्याची. जूनअखेर दोन्ही तळ्यांत एकाच खेपेचे बीज सोडले होते, प्रत्येकी ३०००, म्हणजे चौरस मीटरला तीन. बीज परराज्यातल्या हॅचरीतून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आलेले. ते बाहेरूनच आणावे लागते, कारण ही कोळंबी (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी) वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते, हजारी सुमारे १२ भाग क्षाराचे. शाओ-वेन लिंग यांना मलेशियात हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला उमगले, तेव्हा कुठे हिची शेती शक्य झाली. वाढीच्या तळ्याला मात्र मीठ लागत नाही, म्हणून समुद्रापासून दूर डिचोली-सत्तरीतही ती करता येते.

पहिल्या वर्षी मास्तरांनी पोत्यातले तयार खाद्य वापरले. ते होते व्हनामेई या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीचे. स्कॅम्पीचे, म्हणजे या गोड्या पाण्यातल्या कोळंबीचे, खाद्य आता सहज मिळत नाही, त्यालाही इतिहास आहे. आंध्रात, विशेषतः नेल्लोरकडे, या कोळंबीची लाट २००५च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग पांढऱ्या शेपटीचा रोग, एकाच कुळात पैदास होत गेल्याने खुंटलेली वाढ आणि २००९पासून आलेली व्हनामेई या तिन्हींनी मिळून ती ओसरवली. खाद्यवाले गिऱ्हाइकामागे गेले. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने निवड पद्धतीने सुधारलेले वाण आता दिले आहे, त्यामुळे थोडी हालचाल पुन्हा दिसते. पण डिचोलीच्या दुकानात जे मिळते ते व्हनामेईचेच, आणि त्याच भावाने. कोळंबीशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर जातो. हिशेब मांडल्यावर मास्तरांचा पुतण्या बिथरला आणि त्याने ठरवले, खाद्य घरी करायचे.

मुलगा हुशार आहे. मोबाइलवर बघून बघून त्याने गोठ्याशेजारी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचे डबे मांडले. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातले उरलेसुरले अन्न फुकट आणायचे, त्यावर अळ्या पोसायच्या, दोनेक आठवड्यांत काढायच्या, वाळवायच्या. जोडीला घरच्या नारळाची घाण्यावरची पेंड, भाताचा कोंडा आणि पाटाकडेच्या टाकीतला अझोला (पाण्यावर तरंगणारे बारीक नेचे). फिशमील शून्य. "मासे मारून सुंगटे कशाला वाढवायची, दादा?" त्याने मला विचारले. प्रश्न वाजवी होता. केरळात २०१२ साली तारलीची आवक चार लाख टनांच्या घरात होती, २०२१मध्ये ती साडेतीन हजारांच्याही आत आली. त्या माशाच्या भरवशावर कोणी खाद्याचा कारखाना उभारू नये, हे मला मान्य आहे.

मास्तर मात्र बधले नव्हते. "वरच्या तळ्यात तू तुझे घाल, खालच्यात माझी पोती." पुतण्याला हा हट्ट वाटला. मला तो देवाने पाठवलेला पुरावा वाटला: बीज एक, पाणी एक, ऊन एक, फरक फक्त खाद्याचा. संशोधन केंद्रातही असा जुळून आलेला प्रयोग मिळायला नशीब लागते. (खाली जाणारे पाणी वरून वापरून येते, म्हणजे उणीव असलीच तर ती खालच्या तळ्याची. तरीही ते पुढे होते.)

पागेर (फेकायचे जाळे) टाकून दोन्ही तळ्यांतली पन्नास-पन्नास कोळंबी तोलली. खालच्या तळ्यात सरासरी २६ ग्रॅम, वरच्यात १७.

या जातीत नुसत्या सरासरीवर जाऊ नये. हिच्या नरांत तीन तऱ्हा असतात: निळ्या नांग्यांचे दांडगे, नारिंगी नांग्यांचे भराभर वाढणारे आणि दबून राहिलेले बारके. दांडगे काही मोजके झाले की बारके मुद्दाम वाढत नाहीत. दांडगा काढला की त्यातलाच एखादा वर येतो. एका तळ्यात ८० ग्रॅमचा नर आणि १० ग्रॅमचा नर शेजारी सापडणे हा रोग नव्हे, त्यांचा संसार आहे. म्हणून मी पन्नास वजने ओळीने मांडून पाहिली. वरच्या तळ्यात दांडग्यांचे प्रमाण काही वेगळे नव्हते. अख्खी ओळच खाली सरकलेली होती. दांडगेसुद्धा खालच्या तळ्यातल्या दांडग्यांहून हलके. ही समाजातली दडपणूक नव्हे, ही उपासमार. बीजावरचा आळ तिथेच मिटला.

मात्र दोन्ही तळ्यांत एक खूण सारखी होती: कवच मऊ. कात टाकून दोन-तीन दिवस झालेली कोळंबीही बोटाने दाबली की दबत होती, आणि अशा मऊ कोळंबीवर इतर तुटून पडतात. हे दोन्ही तळ्यांत असेल तर दोष खाद्याचा नाही. शिवाय सोल्जर फ्लायच्या अळीत कॅल्शियम भरपूर असते. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, तपासला: लिटरला २० मिलिग्रॅम. या कोळंबीला निदान ३० तरी हवा, ५० ते १०० असला तर उत्तम, कारण कात टाकल्यावर कवचाला लागणारा चुना ती मोठ्या प्रमाणात पाण्यातून उचलते. जांभ्यातून झिरपलेल्या झरीचे पाणी प्यायला गोड, पण कोळंबीला पुळचट. म्हणजे एकाच घरात दोन आजार होते, आणि पुतण्या व काका दोघेही त्यांना एकच समजून भांडत होते.

आता मूळ गोष्ट, मिश्रण. पुतण्याची वही नीटनेटकी होती. शंभर किलोला अळी ४०, खोबऱ्याची पेंड ३०, अझोला २०, कोंडा १०. प्रथिने अळीत ४२ टक्के (प्रयोगशाळेचा कागद चिकटवलेला), पेंडीत २१, अझोलात २४, कोंड्यात १२. बेरीज २९.१. वाढत्या कोळंबीला साधारण ३० टक्के पुरतात, लहानपणी ३५ ते ४०. म्हणजे वहीप्रमाणे सगळे जमले होते.

पहिली चूक अझोलाची, आणि ती मला लगेच दिसली कारण कोंबडीवाल्यांकडे मी ती शंभरदा पाहिली आहे. २४ टक्के हा आकडा वाळलेल्या अझोलाचा. त्याने तो टाकीतून काढून, निथळून, ओलाच तोलला होता. ओल्या अझोलात शंभरातले ९४ भाग पाणी. वीस किलोत सुका माल सव्वा किलोसुद्धा नाही, आणि त्यातली प्रथिने ३०० ग्रॅम. गंमत अशी की या चुकीने टक्केवारी बिघडली नाही. लगदा वाळवल्यावर अझोलाचे पाणी उडून गेले, माल शंभराऐवजी ८१ किलो उरला आणि कागदी हिशेबाने प्रथिने ३० टक्क्यांवर गेली. अझोला असून नसल्यासारखा होता, एवढेच. एरवी मी यावर अर्धा तास बोललो असतो. इथे ती चूक निरुपद्रवी निघाली.

दुसरी चूक पुतण्याची नव्हे, कागदाची. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ने गुणते, प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो हे त्यामागचे गृहीत. मासळीला ते बऱ्यापैकी लागू पडते. पण अळीच्या कातडीत कायटिन हा चिवट पदार्थ असतो, आणि त्यातही नायट्रोजन असतो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७मध्ये अशा अख्ख्या अळ्यांसाठी ६.२५ऐवजी ४.७६ हा गुणक सुचवला. तो लावला की ४२चे ३२ होतात. कागदाने खोटे सांगितले नव्हते, त्याला विचारले तेवढेच त्याने सांगितले. हाच प्रकार कोंबडीच्या धंद्यात लबाडीने होतो, फिशमीलमध्ये युरिया मिसळून. इथे तो निसर्गाने केला होता. नव्या गुणकाने मिश्रणातली प्रथिने २५ टक्के भरली.

पण ३०चे २५ झाल्याने १७ आणि २६ ग्रॅमचा फरक पडत नाही. तळ्यात शेवाळ, किडे, गाळातले जीव असतातच. चौरस मीटरला तीनच कोळंबी असली तर थोडी कमतरता तळे भरून काढते. मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली आणि मग लक्षात आले की चरबीचा रकानाच नाही.

वाळलेल्या अख्ख्या अळीत ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. हॉटेलातल्या तळकट अन्नावर पोसलेल्या अळीत ती याहून खाली येण्याचे कारण नाही. चाळीस किलोत १२ किलो. घाण्यावरच्या पेंडीत १० टक्के धरली तर ३ किलो. कोंड्याची दीड. एकूण साडेसोळा किलो, ८१ किलो मालात. म्हणजे २० टक्के! या कोळंबीला ५ ते ७ टक्के चरबी पुरते. त्याहून फार वर गेले की ती कमी खाते, कारण पोट उर्जेने आधीच भरते. प्रथिने आधीच उणी, आणि जी होती तीही पोटात जात नव्हती. तांबड्या रश्श्यावर तवंग दाखवून आत मासा नसावा, तसे.

"सकाळी तळ्यावर तवंग दिसतो का?" मी विचारले. पुतण्या म्हणाला, "दिसतो. मला वाटले पंपाचे डिझेल."

गोळी एका काचेच्या ग्लासात टाकून आम्ही घड्याळ लावले. कोळंबी मासा नव्हे, घास गिळत नाही; ती गोळी पायांत धरून कुरतडत बसते. म्हणून गोळी पाण्यात निदान दोन तास टिकायला हवी. ही दहा मिनिटांत विस्कटली, कारण एवढ्या तेलात पीठ धरत नाही. शिवाय तो रोज घालत होता सव्वातीन-साडेतीन किलो. हिशेब असा: ३००० कोळंबी, २८ ग्रॅम (गेल्या वर्षी याच सुमाराचे वजन), त्याच्या चार टक्के. प्रत्यक्षात जगलेली २२०० ते २३००, वजन १७, म्हणजे ३८ किलो जीव. त्याला दीड किलो पुरे. उरलेले रोज तळाशी कुजत होते. पायाने गाळ ढवळला तर काळा, वास कुजक्या अंड्याचा.

मास्तर इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "म्हणजे अळी बंद?" पुतण्याचा चेहरा पडला. मी नाही म्हटले. अळीतली प्रथिने वाईट नाहीत. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतले लायसिन चांगले आहे. मेथिओनिन कमी पडते, आणि खोबऱ्याच्या पेंडीत लायसिनही कमी, म्हणजे दोघांची जोडी लंगडी. जोडीदार बदलायचा आणि अळीचे तेल काढायचे.

नवे मिश्रण असे ठरले: भाजून आलेली सोयाबीन पेंड ३०, तिळाची पेंड १० (मेथिओनिनसाठी, तीळ त्या बाबतीत श्रीमंत), तेल काढलेली अळी १५, फिशमील १०, खोबऱ्याची पेंड १०, कोंडा १०, शिजवलेले गव्हाचे पीठ १३, क्षार-जीवनसत्त्वे २. अळीचा ४.७६चा गुणक धरूनही प्रथिने ३४ टक्क्यांच्या जवळ, चरबी ७. शेंगदाण्याची पेंड मी मुद्दाम टाळली. गोव्याच्या पावसाळ्यात साठवलेल्या पेंडीवर बुरशी आणि तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष येते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

फिशमील का ठेवले, यावर पुतण्याने वाद घातला. दोन कारणे सांगितली. कोळंबीच्या शरीराला कोलेस्टेरॉल बनवता येत नाही. ते खाद्यातूनच यावे लागते आणि त्याशिवाय कात नीट पडत नाही. पेंडीत ते नाही, अळीतही बेताचेच, कारण कीटकांनाही ते बनवता येत नाही. दुसरे, वास. नुसत्या पेंडीच्या गोळीकडे कोळंबी वळायला वेळ लावते आणि तेवढ्यात गोळी भिजते. त्याने मग बाजारातली सुंगटांची डोकी फुकट आणायची कल्पना काढली. कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने ती बिनतोड आहे, पण कच्ची डोकी तळ्यात म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूला घरी जेवायला बोलावणे. चांगली शिजवून, वाळवून, पुढच्या वर्षी बघू म्हटले. बाजारातल्या माशांच्या आतड्या-डोक्यांचे फॉर्मिक आम्ल घालून मुरवलेले खाद्य करायचा विषयही तिथेच राहिला.

पाण्याचे काम सोपे वाटले होते, ते नव्हते. हजार घनमीटर पाण्यात कठीणपणा एक मिलिग्रॅमने वाढवायला एक किलो चुनखडीची पूड लागते. ४० वाढवायचा तर कागदावर ४० किलो. घातली. आठ दिवसांनी मोजले तर २४. चुनखडी हळू विरघळते हे खरे, पण खरा चोर झर होती: विरघळलेले सगळे ती खालच्या तळ्यातून पोफळींना पोचवत होती. पोफळींची चैन झाली. मग झर बाजूच्या पाटाने वळवून दोन्ही तळ्यांना फक्त बाष्पीभवनापुरते पाणी ठेवले आणि चुनखडीबरोबर थोडे जिप्समही दिले. डिसेंबरच्या मध्याला कठीणपणा ५०च्या वर गेला. दोन्ही तळ्यांत झावळ्या टाकल्या, कात टाकणाऱ्यांना लपायला.

अळीचे तेल काढणे हा तर वेगळाच अध्याय. पुतण्या वाळलेल्या अळ्यांचे पोते घेऊन घाण्यावर गेला. घाणेवाल्याने आत डोकावून पाहिले आणि पोते उचलून बाहेर ठेवले. त्याचेही बरोबर होते. उद्या त्याच घाण्यावरचे खोबरेल घ्यायला कोण आले असते? शेवटी पुतण्याने हाताने फिरवायचे स्क्रूचे दाबयंत्र आणले, अळ्या उन्हात तापवून दाबल्या. तेल निम्म्याच्या आसपास उतरले. १५ टक्के चरबी उरली असावी असे धरूनच वरचा हिशेब आहे.

खाद्य दिवसातून दोनदा, मोठा वाटा संध्याकाळी, कारण ही रात्रीची खाणारी. तळ्यात चार ताटल्या दोरीने सोडल्या. दोन तासांनी ताटली वर काढायची; रिकामी असेल तर उद्या थोडे वाढवायचे, उरले असेल तर कमी. ताटल्यांचे काम मास्तरांच्या वहिनींनी घेतले आणि आम्हा तिघांपेक्षा काटेकोर केले. किती घालायचे हे त्यानंतर वहीने नव्हे, त्यांनी ठरवले.

जानेवारीच्या शेवटी दोन्ही तळी उपसली. वरचे २९ ग्रॅम, खालचे ३६. म्हणजे दहा आठवड्यांत वरच्याने १२ ग्रॅम मिळवले, खालच्याने १०. फरक थोडा भरला, बुडालेले साडेचार महिने परत आले नाहीत. सरसकट जय झाला असे मी म्हणणार नाही, कारण झर वळवणे आणि नवे खाद्य दोन्ही एकाच वेळी झाले. त्यातले किती कोणाचे हे वेगळे करता येत नाही. कवच मात्र दोन्हीकडे घट्ट झाले होते, त्यामुळे ते पाण्याचे, याबद्दल मला शंका नाही. डिसेंबरात वरच्या तळ्याचा नमुना बघून "हीं सुंगटां न्हय, हो गालमो!" (ही सुंगटे नव्हेत, हा जवळा!) म्हणून हसून गेलेला गिऱ्हाईक परत आला आणि त्याने दोन्ही तळ्यांचा माल घेतला, वरच्याला कमी भाव देऊन.

पैशाचे विचाराल, तर नवे खाद्य पोत्यापेक्षा स्वस्त पडले, पण पुतण्याला वाटले होते तेवढे नाही. अळीचे अन्न फुकट आहे, अळी नाही. ताज्या अळीत दोन-तृतीयांश पाणी. पंधरा किलो वाळवून तेल काढलेल्या मालाला पन्नास किलो जिवंत अळी लागते. जून ते सप्टेंबर ती गोव्यात उन्हावर वाळत नाही, आणि कोळंबीला खाद्य नेमके तेव्हापासूनच लागते. पावसात वाळवायला लाकूड किंवा वीज लागते, आणि मग ती मासळीपेक्षा महाग पडते. माझा सल्ला होता, अळी मार्च ते मे करून, दाबून, बंद डब्यांत साठवावी. त्याने यंदा तसे केले आहे. वहीत चरबीचा रकाना आला आहे आणि 'सुके वजन' असा आणखी एक, लाल शाईत.

दाबून काढलेले अळीचे तेल पडवीत दोन कॅनमध्ये आहे. कोंबड्यांच्या खाद्यात थोडे थोडे घालून बघा असे मी सांगितले आहे. मास्तर म्हणतात, आधी त्यावर चिठ्ठी लावा, कोणी तरी फोडणीला घेईल.